हाताने चालतो, रात्री पडतो: शेड्यूल केलेले जॉब पुन्हापुन्हा का अडकतात

मकरपुरा जीआयडीसीतलं युनिट असो की दांडिया बाजारातलं सीएचं ऑफिस, बडोद्यात ही तक्रार एकाच साच्याची असते. बॅच फाइलवर (कमांड ओळीने लिहून ठेवलेल्या फाइलवर) डबल क्लिक केलं की दोन मिनिटांत स्टॉकचा रिपोर्ट निघतो, बॅकअप दुसऱ्या मशीनवर जातो. तीच फाइल टास्क शेड्यूलरला, म्हणजे ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या विंडोजच्या साधनाला, रात्री दोनची वेळ देऊन लावली की सकाळी फोल्डर रिकामं. मग कुणीतरी टास्कवर राइट क्लिक करून ‘रन’ म्हणतं, ते चालतं, सगळे निश्चिंत होतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मशीन तेच, फाइलही तीच. बदललेलं असतं ते भोवतालचं: जॉब कुणाच्या नावाने चालला, कुठल्या फोल्डरमधून चालला, समोर स्क्रीन होता का आणि घड्याळात किती वाजले होते. शिवाय बऱ्याचदा मध्येच कुठेतरी प्रोग्रामने एक प्रश्न विचारलेला असतो आणि त्याचं उत्तर द्यायला रात्री कुणी नसतं. म्हणून आमचं मत असं की माणसाच्या जागी बटणं दाबणारी स्क्रिप्ट बसवायच्या आधी तो प्रश्नच काढून टाकता येतो का ते बघावं. बहुतेक ठिकाणी येतो.

आधी हिस्टरी चालू करा

काहीही बदलण्याआधी टास्क शेड्यूलरच्या उजव्या बाजूच्या पट्टीत ‘एनेबल ऑल टास्क्स हिस्टरी’ वर क्लिक करा. विंडोजमध्ये ही हिस्टरी सहसा बंदच असते, आणि ती बंद ठेवून केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ अंदाज. एक रात्र जाऊ द्या, मग ‘लास्ट रन रिझल्ट’ वाचा.

शून्य-एक्स-० म्हणजे प्रोग्राम संपला आणि त्याने ‘ठीक’ सांगितलं. काम झालं, असा त्याचा अर्थ नाही. शून्य-एक्स-२ म्हणजे फाइल सापडली नाही. ४१३०३ वर संपणारा कोड असेल तर टास्क अजून एकदाही चाललेला नाही. ४१३०१ म्हणजे तो या क्षणी चालूच आहे. सकाळी दहा वाजता हा कोड दिसला तर जॉब कुठेतरी लटकलाय असं समजा. ८००७०५२ई म्हणजे यूझरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. ८००७०१०बी म्हणजे फोल्डरचं नाव अवैध. याचं नेहमीचं कारण गमतीशीर आहे, ते पुढे येईल. हिस्टरीतले इव्हेंट नंबरही बघा: १०१ म्हणजे टास्क सुरूच झाला नाही, ३२२ म्हणजे आधीचा चालू असल्याने नवा सुरू केला नाही, ३२६ म्हणजे मशीन बॅटरीवर होतं म्हणून सोडून दिला.

शून्य-एक्स-१ ने मात्र सगळ्यात जास्त लोक फसतात. साधारण बॅच फाइलमध्ये तो काहीतरी चुकल्याचाच इशारा असतो, पण शेवटची कमांड रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करणारी कमांड) असेल तर १ चा अर्थ ‘फाइली कॉपी झाल्या’ असा आहे. रोबोकॉपीचा ० म्हणजे कॉपी करण्यासारखं काही नव्हतं, २ म्हणजे पलीकडे जास्तीच्या फाइली आहेत, ३ म्हणजे हे दोन्ही. खरी गडबड ८ पासून सुरू होते आणि १६ म्हणजे काहीच झालं नाही. रोबोकॉपीच्या लगेच खालच्या ओळीत ‘इफ एररलेव्हल ८’ असेल तर एक्झिट १, नाहीतर एक्झिट ०, एवढं लिहून टाका. ‘इफ एररलेव्हल ८’ चा अर्थ ‘८ किंवा जास्त’ असा होतो, त्यामुळे एकच ओळ पुरते.

बॅकअप दोन-तीन रात्री गायब आणि मग एके रात्री हजर

हा नमुना दिसला तर शोध थेट रोबोकॉपीच्या रिट्रायपासून सुरू करा. काही सांगितलं नाही तर रोबोकॉपी अडलेली फाइल दहा लाख वेळा पुन्हा उचलून बघते आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. हिशेब केला तर हे जवळजवळ ३४७ दिवस होतात. म्हणजे कुणाचं आउटलुक रात्रभर उघडं राहिलं आणि त्याची पीएसटी फाइल (आउटलुकचे मेल साठवणारी) कुलूपबंद असली की जॉब त्याच फाइलपाशी उभा. दुसऱ्या रात्री टास्क शेड्यूलर बघतो की आधीचा चालूच आहे. ‘डू नॉट स्टार्ट अ न्यू इन्स्टन्स’ हा पर्याय आपोआप निवडलेला असतो, तेव्हा तो नवा जॉब सुरू करत नाही आणि ३२२ नोंदवून मोकळा होतो. तीन दिवसांपेक्षा जास्त चालला तर थांबवा, हीसुद्धा विंडोजचीच आपोआप आलेली सेटिंग. ती लटकलेला जॉब मारते आणि त्याच्या पुढची वेळ आली की बॅकअप सुरळीत चालतो. बघणाऱ्याला वाटतं मशीन लहरी आहे.

उपाय दोन. रोबोकॉपीला आर स्विचने २ आणि डब्ल्यू स्विचने ५ द्या, म्हणजे दोनदा प्रयत्न आणि मध्ये पाच सेकंद. आणि टास्कच्या ‘सेटिंग्ज’ मध्ये तीन दिवसांऐवजी जॉबच्या नेहमीच्या वेळेच्या तिप्पट मर्यादा ठेवा. वीस मिनिटांचा जॉब असेल तर एक तास. हातासरशी हेही सांगायला हवं की टॅली किंवा दुसरं अकाउंटिंग सॉफ्टवेअर उघडं असताना त्याच्या डेटाचं फोल्डर तसंच उचललं तर कॉपी होईलही, पण ती परत उघडेल याची खात्री नाही. आधी कंपनी बंद, मग कॉपी.

कुणाच्या नावाने आणि कुठून

‘रन ओन्ली व्हेन यूझर इज लॉग्ड ऑन’ निवडलं असेल तर लॉगआउट केलेल्या मशीनवर जॉब चालणारच नाही. ‘लॉग्ड ऑन ऑर नॉट’ निवडलं तर तो चालतो, पण सेशन शून्यमध्ये. विंडोज व्हिस्टापासून हा सेशन माणसाच्या डेस्कटॉपपासून वेगळा काढलेला आहे. तिथे उघडलेली खिडकी तुम्हाला दिसत नाही, तिच्यातलं ‘ओके’ कुणालाच दाबता येत नाही, आणि जॉब टास्क मॅनेजरमध्ये नुसता बसून राहतो.

झेड ड्राइव्ह, एक्स ड्राइव्ह असे मॅप केलेले ड्राइव्ह त्या त्या लॉगिनपुरतेच असतात. रात्रीच्या सेशनला ते नसतात. एवढंच नाही, तुम्ही स्वतः लॉगिन असताना ‘रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस’ वर खूण केली तरी ते सहसा दिसत नाहीत. बॅच फाइलमध्ये ड्राइव्हचं अक्षर न लिहिता दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा, सर्व्हरचं आणि शेअरचं नाव असलेला पूर्ण पत्ता लिहा. ‘डू नॉट स्टोअर पासवर्ड’ वर खूण असेल तर तो पत्ताही उघडणार नाही, कारण त्या खुणेबरोबर जॉबला नेटवर्कवर तुमची ओळख मिळत नाही. फक्त स्वतःच्या मशीनवरचं काम करता येतं.

‘स्टार्ट इन’ ची चौकट रिकामी सोडली तर जॉब विंडोजच्या सिस्टम३२ फोल्डरमध्ये उभा राहून काम करतो. बॅच फाइलने ‘इथली रिपोर्ट फाइल उचल’ म्हटलं तर तो तिथे शोधतो. त्या चौकटीत फोल्डरचा पत्ता भरा, पण अवतरणचिन्हं लावू नका. वरच्या ‘प्रोग्राम’ च्या चौकटीत नावात जागा असेल तर ती लागतात, खालच्या चौकटीत लावली की ८००७०१०बी येतो. एकाच खिडकीत दोन उलटे नियम, लोक चुकणारच. याहून खात्रीचं म्हणजे बॅच फाइलच्या पहिल्याच ओळीत ‘पुशडी’ देऊन स्वतःच्या फोल्डरमध्ये जाणं.

पासवर्डची भानगड दिवाळीनंतर उघडी पडते. इथली कित्येक युनिटं दिवाळीपासून लाभपाचमीपर्यंत बंद असतात. डोमेनच्या (सगळ्या मशीनची लॉगिन एका जागी सांभाळणाऱ्या व्यवस्थेच्या) मूळ सेटिंगमध्ये पासवर्डचं आयुष्य ४२ दिवसांचं असतं, कधीकधी तो नेमका या सुट्टीत संपतो. परत आल्यावर माणूस लॉगिन करताना नवा पासवर्ड टाकतो, टास्कमध्ये जुनाच राहतो. जॉबसाठी माणसाचं खातं वापरूच नका. वेगळं खातं काढा, त्याला ‘लॉग ऑन ॲज अ बॅच जॉब’ हा हक्क आणि फक्त लागतील तेवढेच शेअर द्या. डोमेन असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट हा त्याहून बरा रस्ता. त्याचा पासवर्ड डोमेन स्वतः बदलत राहतं आणि कुणाला तो माहीत असायची गरज नसते.

न दिसणारे प्रश्न

प्रश्न शोधायची पद्धत सोपी आहे. बॅच फाइलचं नेहमीचं आउटपुट आणि एरर, दोन्ही एका लॉग फाइलकडे वळवा आणि इनपुट ‘नल’ वरून द्या. प्रश्न विचारणारा प्रोग्राम मग बहुधा लटकत नाही, बाहेर पडतो, आणि लॉगच्या शेवटच्या ओळीत तो प्रश्न जसाच्या तसा सापडतो. हा प्रयोग दिवसा, पण जॉबच्या खात्याने करा.

नेहमी सापडणारे प्रश्न थोडेच आहेत. एक्सकॉपी विचारते की पलीकडचं नाव फाइलचं की फोल्डरचं. एकाहून जास्त फाइली असतील तर त्याला आय स्विच. तीच ‘वर लिहू का’ विचारते. त्याला वाय स्विच. ‘डेल’ ला पूर्ण फोल्डरच्या फाइली पुसायला सांगितल्या की ती खात्री करून घेते. त्याला क्यू स्विच. फाइलच्या शेवटी कुणीतरी तपासणीसाठी टाकलेला ‘पॉज’ राहून गेलेला असतो, तो काढा. मध्ये दहा सेकंद थांबायला ‘टाइमआउट’ वापरलं असेल तर लक्षात घ्या, इनपुट वळवलेलं असताना ती कमांड थांबतच नाही, एरर देऊन लगेच बाहेर पडते. तिच्याऐवजी स्वतःच्याच मशीनला ११ वेळा पिंग करा, साधारण दहा सेकंद जातात. दिसायला ओबडधोबड, पण चालतं.

बँकेच्या किंवा गिऱ्हाइकाच्या सर्व्हरवर एसएफटीपीने फाइल पाठवताना पहिल्यांदा ‘या सर्व्हरची की ओळखीची नाही, पुढे जाऊ का’ असं विचारलं जातं. तुम्ही तुमच्या खात्याने ‘यस’ म्हटलेलं असतं, आणि ती नोंद तुमच्याच खात्यात जाते. जॉबच्या खात्याला तो सर्व्हर अजून अनोळखीच. पलीकडच्या माणसाकडून कीचा फिंगरप्रिंट (तिची छोटी ओळखखूण) मागवा, जुळवा, आणि जॉबच्या खात्याने एकदा जोडून ती नोंद करून ठेवा. इंटरनेटवर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे की तपासणंच बंद करणं. पैशांच्या फाइली जात असतील तर तो करू नका. ओपन-एसएसएचमध्ये ‘बॅचमोड’ चालू ठेवलं की पासवर्ड विचारण्याऐवजी जॉब सरळ नापास होतो, आणि तेच हवं असतं.

पलीकडचा प्रोग्राम खरोखरच जुना असेल, स्विच नाहीत, फक्त मेनू आणि प्रश्न, तर लिनक्सवर ‘एक्सपेक्ट’ चालतं, ते ठरलेला प्रश्न दिसला की ठरलेलं उत्तर टाइप करतं. पण एक्सपेक्ट ठरलेल्या शब्दांची वाट फक्त १० सेकंद बघतं आणि वेळ संपली की गुपचूप पुढच्या ओळीवर जातं. महिनाअखेरीला सर्व्हर मंद झाला, मेनू बारा सेकंदांनी आला, तर पासवर्ड भलत्याच ठिकाणी टाइप झालेला असतो. प्रत्येक वाट बघण्यासोबत ‘टाइमआउट’ (वेळ संपली) आणि ‘ईओएफ’ (पलीकडचा प्रोग्राम बंद झाला) या दोन्ही शाखा लिहा आणि दोन्हींत जॉब तिथेच थांबवा.

रात्री दोनलाच का

आता तो दोष, जो दिवसा कितीही वेळा तपासला तरी सापडत नाही. बॅच फाइलमध्ये ‘टाइम’ या व्हेरिएबलवरून फाइलचं नाव बनवलेलं असतं, उदाहरणार्थ स्टॉक, मग तास, मग मिनिट. सकाळी साडेअकराला ते ‘स्टॉक_११३०’ होतं. रात्री दोनला विंडोज तास ‘०२’ असा देत नाही. आधी एक मोकळी जागा आणि मग २ देतं. नाव होतं ‘स्टॉक_’ मग जागा मग ‘२००’, कमांडच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द, आणि कॉपी फसते. सकाळी दहाच्या आधी चालणारा प्रत्येक जॉब यात सापडतो आणि तपासणारा माणूस मात्र दहानंतरच ऑफिसात येतो.

तारखेचंही तसंच. तुमच्या खात्यात भारतीय पद्धत असते, १४-०१-२०२६ अशी. जॉबच्या खात्याने कधी लॉगिनच केलेलं नसेल तर त्याला मूळची अमेरिकी पद्धत मिळू शकते: आधी वाराचं नाव, मग महिना, आणि मध्ये तिरक्या रेघा. तिरकी रेघ फाइलच्या नावात चालत नाही. अक्षरं मोजून तुकडे काढणारी बॅच फाइल तर वाराच्या नावालाच दिवस समजते. कंट्रोल पॅनेलच्या ‘रीजन’ मध्ये ‘ॲडमिनिस्ट्रेटिव्ह’ टॅबवर ‘कॉपी सेटिंग्ज’ आहे, तिथून सिस्टम खात्यांना आणि नव्या यूझरना भारतीय पद्धत देता येते. पण मुळात ही दोन्ही व्हेरिएबल नावासाठी वापरू नयेत. पॉवरशेलच्या ‘गेट-डेट’ कडून ठरलेल्या साच्यात तारीख घ्या: चार अंकी वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट. महिना मोठ्या लिपीतल्या दोन एमने, मिनिट लहान दोन एमने. तास मोठ्या दोन एचने. लहान एच घेतला तर दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन एकाच नावाने लिहिले जातात आणि एक फाइल दुसरीला पुसते. जुन्या बॅच फाइलींमध्ये यासाठी ‘डब्ल्यूएमआयसी’ ही विंडोजची जुनी कमांड वापरलेली दिसते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत ती आपोआप बसवलेली येत नाही, त्यामुळे मशीन बदललं की तोच जॉब पडतो.

सर्व्हर क्लाउडवर असेल तर त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ‘रात्री दोन’ असं लिहिलेला जॉब आपल्याकडे सकाळी साडेसातला चालतो, पहिली शिफ्ट कामावर असताना. आणि आपल्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत त्या सर्व्हरवर तारीख कालचीच असते. महिन्याच्या १ तारखेला पहाटे काढलेला रिपोर्ट मागच्या महिन्याच्या नावाने निघतो तो यामुळे.

वीज, यूपीएस, सुट्ट्या

टास्कच्या ‘कंडिशन्स’ मध्ये ‘एसी पॉवरवर असेल तरच’ ही खूण आधीपासून असते. डेस्कटॉपला काय फरक पडतो, असं वाटतं; पण यूपीएसची यूएसबी केबल मशीनला जोडली की विंडोज त्याला बॅटरीच समजतं. पावसाळ्यात रात्री वीज गेली, यूपीएसने सांभाळलं, आणि चालू जॉब विंडोजने स्वतःच थांबवला. सर्व्हरवर ही खूण काढा. मशीन बंद असताना चुकलेली वेळ भरून काढायची तर ‘रन ॲज सून ॲज पॉसिबल आफ्टर अ शेड्यूल्ड स्टार्ट इज मिस्ड’ वर खूण हवी. ती सरसकट लावू नका. ऑगस्ट २०२४ मधल्या विश्वामित्रीच्या पुरासारखा प्रसंग आला आणि मशीन चार दिवसांनी भर दुपारी चालू झालं, तर बॅकअप लगेच चालणं ठीक. गिऱ्हाइकांना थकबाकीचे मेल पाठवणारा किंवा बँकेला पेमेंटची फाइल देणारा जॉब मात्र माणसाने बघूनच सोडावा. १४ आणि १५ जानेवारीला उत्तरायणात गच्चीवरून कुणी खाली येत नाही, तेव्हा त्या दोन दिवसांचे मेल जॉबच आधी बंद करून ठेवलेले बरे.

बटणं दाबणाऱ्या स्क्रिप्ट

सेंडकीज, ऑटोहॉटकी, पॉवर ऑटोमेट डेस्कटॉपमधली क्लिक ही सगळी डेस्कटॉप उघडा असल्यावर अवलंबून आहेत. रिमोट डेस्कटॉप नुसता बंद केला, लॉगआउट न करता, तरी ते सेशन कुलूपबंद होतं आणि क्लिक हवेत जातात. दुसऱ्या स्क्रीनवरून जोडलं तर रिझोल्यूशन बदलतं आणि जागेवर नेम धरलेली क्लिक शेजारच्या बटणावर पडते. एखादी अपडेटची खिडकी वर आली की पुढचं सगळं टायपिंग तिच्यात.

क्लिकशिवाय रस्ता असेल तर तोच घ्या. टॅलीला एक्सएमएल विनंती एचटीटीपीने पाठवता येते, पोर्ट साधारण ९००० असतो. टॅली उघडी आणि कंपनी लोड केलेली हवी, पण माउस लागत नाही. एक्सेलचे मॅक्रो सेशन शून्यमध्ये चालवण्याची मायक्रोसॉफ्ट स्वतःच शिफारस करत नाही, कारण एक्सेल मधेच खिडकी उघडून बसतं. डेटा सीएसव्हीत काढून पॉवरशेलने जोडणं जास्त टिकतं. जीएसटी पोर्टलचा कॅप्चा आणि ओटीपी तोडायच्या मागे लागूच नका. जॉबचे दोन भाग करा: रात्री मशीनने जीएसटीआर-१ ची जेसन फाइल तयार करून तपासावी, सकाळी माणसाने लॉगिन करून चढवावी. ११ तारखेच्या, म्हणजे दर महिन्याचा जीएसटीआर-१ भरायच्या मुदतीच्या, आदल्या रात्री पहिला भाग पडला तर निदान एक पूर्ण दिवस हातात राहतो.

लिनक्स आणि आयबीएम आय

लिनक्सवर ठरल्या वेळी जॉब चालवतो तो क्रॉन. त्याचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तोकडा असतो, तुमच्या टर्मिनलवर सापडणारी कमांड त्याला सापडत नाही. पूर्ण पत्ता लिहा. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत टक्केचिन्ह आलं की क्रॉन तिथे ओळ तोडतो. तारखेचा साचा टक्केचिन्हांनीच बनतो, त्यामुळे ‘टर्मिनलवर चालतं, क्रॉनमध्ये नाही’ यामागे निम्म्या वेळा हेच असतं. प्रत्येक टक्क्याआधी उलटी तिरकी रेघ द्या किंवा ओळ वेगळ्या स्क्रिप्टमध्ये हलवा. महिन्याची तारीख आणि वार दोन्ही भरले तर दोन्ही जुळण्याची वाट क्रॉन बघत नाही, कुठलंही एक जुळलं की चालवतो. जॉब एकमेकांवर चढू नयेत म्हणून ‘एफलॉक’ ही कुलूप लावणारी कमांड.

आयबीएम आय या आयबीएमच्या सर्व्हरवरच्या ऑपरेटिंग सिस्टमवर जॉब ‘एमएसजीडब्ल्यू’ या स्थितीत दिसला तर तो उत्तराची वाट बघतोय. जॉब डिस्क्रिप्शनमध्ये ‘इन्क्वायरी मेसेज रिप्लाय’ ला सिस्टम रिप्लाय लिस्ट लावा आणि त्या यादीत नेमके मेसेज आणि त्यांची उत्तरं भरा. सरसकट डीफॉल्ट उत्तर लावलं तर प्रिंटरच्या कागदाचा प्रश्न आणि रेकॉर्डच्या कुलपाचा प्रश्न एकाच काठीने हाकले जातात. लायब्ररी लिस्टही (प्रोग्राम आणि फाइली शोधायच्या जागांची यादी) तपासा. हाताने चालवताना ती तुमची असते, शेड्यूलवरून चालताना जॉबची.

दुरुस्ती टिकली का हे कळायला एरर आल्यावर मेल, एवढ्यावर विसंबू नका. जॉब सुरूच झाला नाही तर एररही येत नाही. प्रत्येक जॉबने अगदी शेवटी आजच्या तारखेची एक छोटी खूण-फाइल लिहावी, आणि वेगळ्या मशीनवरच्या दुसऱ्या जॉबने सकाळी आठला ती आहे का, आणि मुख्य आउटपुटचा आकार कालच्या निम्म्यापेक्षा कमी तर नाही ना, एवढंच बघून मेल टाकावा. मेल रोज यावा, सगळं ठीक असतानाही. तो ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी साडेनऊपर्यंत थांबू नका.